चमक जायच्या आत

पिसुर्ल्याच्या शाळेत सकाळपासून वीज नव्हती,
आणि असती तरी माझ्याकडे मशीन कुठलं.
चौथीच्या वर्गातली दोन बाकं जोडून वर सतरंजी,
उशीच्या जागी हजेरीच्या वह्या, टॉवेलात गुंडाळलेल्या.
डोक्याशी मी. बॅटरी धरायला एस्पेरान्सा,
जी वाळपईहून येताना वाटेत तीनदा म्हणाली,
आज पोरं कमी येऊ देत, देवा.

एकेचाळीस आली.

समीक्षा गावस, वय सात, इयत्ता दुसरी.
खालची डावी दाढ, दुधाची.
खड्ड्यात सकाळच्या पावाचा लगदा, कडेला चण्याचं साल.
चमच्याएवढं नव्हे, चमच्याच्या नातवाएवढं हत्यार
आत घालून खरवडत गेले.
मऊ, तपकिरी, भिजल्या चामड्यासारखं
थराथरानं निघत होतं.
ती रडली नाही. तिनं माझं कोपर धरून ठेवलं,
बसमध्ये दांडा धरतात तसं.

आई दाराशी. चपलांना तांबडी माती.
खाण बंद पडून इतकी वर्षं झाली,
इथल्या चपलांना ती अजून कुठून मिळते कोण जाणे.
पदर तोंडावर धरून म्हणाली,
"पडटलोच न्हू तो, दोतोर? मागीर भरता कित्याक?"

पडणारच. नवव्या वर्षी, फार तर दहाव्या.
मी तिला सांगायला हवं होतं
जागा राखण्याबद्दल, खालून येणाऱ्या दाताबद्दल.
पण माझ्या हातात तेव्हा पूड होती.

काच असते ती. दळून पिठी केलेली काच.
एक सपाट चमचा पूड, एक थेंब आम्ल,
कागदाच्या वहीवर, प्लास्टिकच्या उलथन्यानं,
अर्धी आधी, अर्धी मग.
वीस-पंचवीस सेकंद.
लगदा ओला दिसतो, चकाकतो,
पिकल्या बोंडूवर ऊन पडावं तसा,
आणि तेवढ्यातच भरायचं.
चमक गेली की तो दाताला धरत नाही.
मग कितीही दाबा.

पणजीत हे कुणी मागत नाही.
रंग खडूसारखा, कड लवकर झिजते.
बांबोळीला असताना आम्हीही हसायचो त्याला.
लोटलीकर सर तेवढे म्हणायचे,
दात अगदी ठणठणीत कोरडा करू नकोस गं,
ह्याला थोडी ओल लागते.

बोटाला व्हॅसलीन लावून दाबून धरलं.
साठपर्यंत मोज, म्हटलं.
तोंडात माझं बोट, तिला मोजता येईना,
म्हणून आईनं मोजलं, दारातूनच.
एकोणचाळीसला पदर खाली आला.
पुढचे दोन दात काळे, तिसरा अर्धाच.
पन्नासला तिच्या लक्षात आलं.
उरलेले दहा तिनं पदराआडून मोजले.

शिबिर मुलांचं होतं, रजिस्टरातले रकानेही मुलांचेच.
मी एका चिठ्ठीवर लिहून दिलं, वाळपई, मंगळवारी या.
तिनं न वाचताच घडी घातली.

वहीवर उरलेला लगदा तोवर खडा झाला होता.
समीक्षानं मागितला. दिला.
तासभर काही खायचं नाही, म्हटलं,
तिनं मान डोलवली आणि खडा
कंपासपेटीत ठेवला, रबराशेजारी.

दोन वर्षांनी तीच बाकं, तीच सतरंजी.
ती रांगेत नव्हती. नुसती दाखवायला आली.
कॅलेंडरच्या कागदाची पुडी,
आत दाढ, मुळं विरघळून गेलेली, पोकळ टोपीएवढी,
आणि वर माझं ते खडूच्या रंगाचं भरण,
कडेला झिजलेलं, पण जागच्या जागी.
"दांत पडलो," ती म्हणाली. "तें पडूंक ना."

आई कुठेय, मी विचारलं.
"काजूंक गेल्या."
मंगळवारीसुद्धा?
"मंगळारा पसून."

दाताचं काय करायचं ते तिला ठाऊक होतं,
घराच्या कौलांवर टाकायचा.
फक्त आधी मला दाखवायचा होता.
मी तो बॅटरीखाली धरला,
एस्पेरान्सानंही चष्मा वर करून पाहिला.
मग पुडी बांधून परत दिली
आणि रांगेतल्या पुढच्याला म्हटलं, आ कर.